फायफॉक्स: चाल आणि त्वरण शिकवताना उपयोगी पडणारे मोबाइल ॲप

राज्य मंडळाच्या नववीच्या ‘गतीचे नियम’ या पाठात चाल, वेग आणि त्वरण या संकल्पना येतात आणि बहुतेक वर्गांत त्या फळ्यावरील सूत्रे व उदाहरणे यांपलीकडे जात नाहीत. त्याला शिक्षकांचा आळस कारणीभूत नसतो. मीटरभर उंचीवरून सोडलेला चेंडू साधारण ०.४५ सेकंदात जमिनीवर पोहोचतो आणि स्टॉपवॉचचे बटण हाताने दाबण्यातच त्यातला बराच वेळ निघून जातो, त्यामुळे प्रयोग केला तरी हाती येणाऱ्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. जर्मनीतील आखेन येथील आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात तयार झालेले आणि २०१६ पासून विनामूल्य उपलब्ध असलेले फायफॉक्स हे ॲप नेमकी हीच अडचण दूर करते.

ॲपमध्ये प्रयोगांची लांबलचक यादी आहे. मात्र या पाठासाठी त्यातील सर्वांत मोलाचे साधन म्हणजे ध्वनीवर चालणारे स्टॉपवॉच. पहिला मोठा आवाज होताच ते सुरू होते आणि दुसऱ्या आवाजाला थांबते. घरातील वायरिंगसाठी वापरतात ती केसिंग पट्टी थोडी तिरकी ठेवावी, वरच्या टोकाशी काचेची गोटी फूटपट्टीने अडवावी आणि खालच्या टोकाशी स्टीलची ताटली उभी करावी. फूटपट्टीला पेन्सिलीने टोला देऊन ती बाजूला उडवली, की तो पहिला आवाज. गोटी ताटलीवर आदळली, की तो दुसरा. आता गोटी ताटलीपासून २५ सेंटिमीटरवरून आणि नंतर १०० सेंटिमीटरवरून सोडली, तर अंतर चौपट होऊनही वेळ फक्त दुप्पट लागतो. हा निकाल मुलांना आधी सांगू नये. वेळही चौपट लागेल असे वर्गातील बहुतेकांना वाटते, आणि तो अंदाज वहीत लिहून घेतल्यावर केलेला प्रयोग त्यांच्या चांगला लक्षात राहतो. गॅलिलिओने उतरणीवर गोळे सोडून जे दाखवले, ते येथे एका तासिकेत होते.

या स्टॉपवॉचसाठी आवाजाची मर्यादा आणि दोन आवाजांमधील किमान कालावधी आधी ठरवावा लागतो. पंखा चालू असलेल्या, पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे केले नाही, तर खुर्ची सरकल्याच्या आवाजानेही घड्याळ सुरू होते. थोडी शांतता राखावी लागते, हा अर्थात शिक्षकांच्या दृष्टीने फायदाच म्हणायचा.

त्वरणाचा थेट आलेख दाखवणाऱ्या प्रयोगांबाबत मात्र मी इतका उत्साही नाही. गुरुत्वासह त्वरण दाखवणाऱ्या प्रयोगात टेबलावर स्थिर पडलेला फोन ९.८ च्या आसपासचा आकडा दाखवतो आणि उशीवर पडण्यासाठी हातातून सोडलेला फोन, खरोखर त्वरणित असताना, जवळजवळ शून्य दाखवतो. अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी ही चर्चेची मेजवानी आहे. त्वरणाची व्याख्या नुकतीच ऐकलेल्या नववीतील मुलांचा मात्र यात पुरता गोंधळ उडतो. गुरुत्व वगळलेला पर्याय त्यापेक्षा सोपा आहे, परंतु स्वस्त फोनमध्ये आवश्यक संवेदक नसल्यास तो उपलब्ध होत नाही. लिफ्टच्या प्रयोगासाठी लागणारा वायुदाबमापीही बऱ्याच फोनमध्ये नसतो. त्यामुळे कोणता प्रयोग घ्यायचा हे ठरवण्यापूर्वी वर्गात वापरायच्या फोनवर तो एकदा उघडून पाहावा.

चालीसाठी चुंबकांची पट्टी हा प्रयोग मला विशेष आवडला. समान अंतरावर ठेवलेल्या छोट्या चुंबकांजवळून खेळण्यातील गाडीवर बसवलेला फोन नेला, की प्रत्येक चुंबकापाशी पोहोचल्याची वेळ नोंदली जाते आणि त्यावरून गाडीची चाल मिळते. अंतर भागिले वेळ हा भागाकार येथे डोळ्यांसमोर घडतो.

ॲपमध्ये जाहिराती नाहीत, नोंदी स्प्रेडशीटमध्ये घेता येतात आणि फोनवरील आलेख संगणकाच्या ब्राउझरमध्ये थेट दाखवता येतो. त्यासाठी दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर असावी लागतात. शाळेत वायफाय नसेल, तर फोनचा हॉटस्पॉट पुरतो आणि इंटरनेट डेटाही खर्च होत नाही. विद्यार्थ्यांना शाळेत फोन आणण्याची मुभा नसली, तरी शिक्षकांचा एक फोन आणि प्रोजेक्टर एवढ्यावर वरील सर्व प्रयोग करता येतात.