भाडं, रीसेल की नवे प्रकल्प? पुण्यात एजंट होण्याआधी काय निवडाल

यंदा गौरीजेवणाच्या दिवशी पंगत उठल्यावर माझा भाचा माझ्याजवळ येऊन बसला. एका बँकेच्या गृहकर्ज विभागात तो आठ वर्षं आहे. म्हणाला, "मावशी, फाइल मी पुढे सरकवतो, आणि ब्रोकर एका व्यवहारात माझा चार महिन्यांचा पगार नेतो. मीही येऊ का तुझ्या धंद्यात?"

मी विचारलं, "कुठल्या?"

त्याला प्रश्नच कळला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे एजंट एकाच माळेचे मणी वाटतात: फोन, दुचाकी, किल्ल्यांचा जुडगा. प्रत्यक्षात पुण्यात भाड्याचं काम, जुन्या घरांची खरेदी-विक्री म्हणजे रीसेल आणि बिल्डरच्या नव्या प्रकल्पांसाठी चॅनेल पार्टनरचं काम, म्हणजे ग्राहक आणून बिल्डरकडून कमिशन घेणं, हे तीन निरनिराळे धंदे आहेत. पैसा निरनिराळ्या वेळी हातात येतो, रविवार निरनिराळा जातो, आणि रात्री साडेनऊला फोन कोण करणार हेही आधीच ठरलेलं असतं. कोथरूड-वारजे पट्ट्यात सोळा वर्षांत मी तिन्ही केलं. भाच्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न विचारणारा तो एकटा नाही.

आधी पैशाचं बोलू. त्याशिवाय समाधानाच्या गप्पांना अर्थ नसतो.

२५,००० रुपये भाड्याचा टू बीएचके धरा. आमच्या भागात एका बाजूकडून, म्हणजे घरमालक किंवा भाडेकरूकडून, पंधरा दिवसांचं ते महिन्याचं भाडं दलाली म्हणून मिळतं. दोन्ही बाजू आपल्याच असतील तर २५ ते ५० हजार, आणि तेही बहुतेक वेळा कराराच्या दिवशीच. रीसेलमध्ये ८० लाखांचं घर आणि एका बाजूची १ टक्का दलाली धरली तर ८० हजार, दोन्ही बाजू मिळून १ लाख ६० हजार. पण टोकन, म्हणजे विसाराची रक्कम, घेतल्यापासून हा पैसा दिसायला दोन-तीन महिने सहज जातात. नव्या प्रकल्पात ९० लाखांच्या फ्लॅटवर बिल्डरने ३ टक्के कबूल केले तर आकडा २ लाख ७० हजारांवर जातो. भाच्याने पाहिलेला आकडा हाच.

मात्र या तिसऱ्या आकड्याला गळती फार. फोन करणाऱ्या मुलींचे पगार, घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलचे पैसे, साईटवर नेण्या-आणण्याचं पेट्रोल. त्यात हल्ली गिऱ्हाईक सरळ विचारतं, "तुमच्या कमिशनमधून आम्हाला किती देणार?" बिल्डर २ टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापून पैसे देतो, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की १८ टक्के जीएसटीचा हिशोबही आपल्याच माथी येतो. शिवाय बुकिंग झालं म्हणजे पैसे झाले असं नसतं. ग्राहकाने ठरलेली रक्कम भरायची, करारनामा नोंदवायचा, मग आपण बिल द्यायचं आणि वाट पाहायची. माझं एक बिल सात महिने अडकलं होतं, आणि त्या सात महिन्यांत ऑफिसचं भाडं मात्र दर पाच तारखेला न चुकता गेलं.

भाड्याचं काम

या कामाला धंद्यातले लोक कमी लेखतात. मला ते पटत नाही. नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी. वर्षभरात शे-दीडशे घरं आतून पाहून होतात. कुठल्या सोसायटीत टँकर लागतो, कुठला सेक्रेटरी बॅचलर मुलांना दारातूनच परत पाठवतो, कुठल्या विंगच्या बाथरूममधून खाली गळतं, हे सगळं पाठ होतं. हे ज्ञान कुठल्याच पोर्टलवर मिळत नाही.

कागद सोपे आहेत. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, बहुधा अकरा महिन्यांचा असतो, तो लेखी करून नोंदवणं महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे, आणि आता ऑनलाइन नोंदणीमुळे अंगठ्याचं मशीन घेऊन घरी जाऊनही काम होतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवली की पहिला टप्पा संपतो.

खरा त्रास नंतर असतो. नळ गळला, फोन एजंटला. घर सोडताना रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून किती कापायचे, यावर भांडण एजंटच्या समोर. मे ते जुलै हे तीन महिने तर डोकं वर काढायला मिळत नाही: शाळा, कॉलेज, बदल्या, सगळं एकदम. मात्र हा त्रास आटोक्यातला आहे. भाग छोटा ठेवला तर सगळी घरं दोन किलोमीटरच्या आत येतात. मुलगी तिसरीत असताना मी दुपारी एक ते चार एकही घर दाखवायचे नाही, आणि त्यामुळे माझं काम कधी बुडालं नाही. दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ, बस्स.

नवे प्रकल्प

इथे झगमगाट आहे, तसं शिकायलाही खूप आहे. आधी कायद्याचं: घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा रेरा कायदा २०१६ चा, तो राबवणाऱ्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाचं काम मे २०१७ पासून सुरू झालं. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायचं तर एजंटची नोंदणी लागते. व्यक्तीला तिचं शुल्क १०,००० रुपये, मुदत पाच वर्षं. २०२३ पासून त्याआधी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. ही परीक्षा आल्याचा मला मनापासून आनंद झाला. कार्पेट, म्हणजे घरातलं प्रत्यक्ष वापराचं क्षेत्रफळ, म्हणजे काय हे माहीत नसलेली माणसं लोकांची आयुष्यभराची पुंजी हलवत होती. रीसेल किंवा भाड्यापुरतं काम करणाऱ्याला ही नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या. अभ्यासाने बोलण्यात फरक पडतो.

आता दिवस कसा जातो ते पाहा. आठवडाभर फोन, शनिवार-रविवार साईट व्हिजिट. हिंजवडी, वाकड, खराडी, जिथे आयटीवाले तिथे आपण, कारण त्यांना सुट्टी तेव्हाच. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी हे बुकिंगचे दिवस. म्हणजे ज्या दिवशी घरी पुरण शिजतं त्या दिवशी तुम्ही सॅम्पल फ्लॅटमध्ये. आणि दसऱ्याच्या आधीचा पितृपक्ष पूर्ण थंड.

त्यात टॅगिंग. ग्राहकाचं नाव बिल्डरकडे आधी कोणी नोंदवलं, त्याचं कमिशन. एका जोडप्याला मी चार रविवार फिरवलं. ताईंच्या सासूबाईंना जिने चढवत नाहीत म्हणून लिफ्टला बॅकअप असलेल्याच इमारती शोधल्या. पाचव्या रविवारी सेल्स ऑफिसमधल्या मुलाने संगणकात पाहून सांगितलं, "मॅडम, ही लीड, म्हणजे या ग्राहकाचं नाव, आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वीच पोर्टलवरून आलीय." झालं, विषय संपला. जोडपं भलं होतं, त्यांनी माझ्या बाजूने बोलूनही पाहिलं. पैसे गेले याचं दुःख होतंच, पण चार रविवार गेले याचं जास्त झालं.

या कामाची चांगली बाजूही आहे. तुम्ही पंचविशी-तिशीत असाल, टीम बांधायची हौस असेल, आठवड्याची सुट्टी मंगळवारी घेऊन चालत असेल, तर इतक्या वेगाने मोठा पैसा या धंद्यात दुसरीकडे नाही. फक्त एक पाळा. ताबा कधी मिळणार, परवानग्या कुठल्या आहेत, हे बिल्डरच्या माणसाच्या तोंडून ऐकून पुढे सांगू नका. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून ग्राहकाला दाखवा. आणि करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही आपणच सांगायचं. काही बिल्डरांना ते रुचत नाही. त्यांच्याकडे पुन्हा जायची गरजही नसते.

रीसेल

माझं मन इथे रमलं. सगळ्यात जास्त डोकं इथे लागतं, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच भेटतात.

एका टेबलावर दोन कुटुंबं असतात. एकाला घर सोडायचंय, एकाला घ्यायचंय, दोघांनाही रात्री झोप नाही. मधे आपण. पहिल्या मालकापासूनचे सगळे करारनामे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, तिची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र, भोगवटा प्रमाणपत्र, विकणाऱ्याचं कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. १९९२ च्या इमारतीत यातला एक तरी कागद सापडत नाही. तो कुठून मिळेल हे ज्याला माहीत, त्याला दलाली मागताना मान खाली घालावी लागत नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस भरायचा, हेही अनेकांना आपणच सांगतो.

कोथरूडमध्ये हल्ली बरेच विकणारे परदेशात असतात. आई-वडील गेलेले, फ्लॅट बंद, मुलगा न्यू जर्सीत. मग बोलणं आपल्या सकाळी सातला, मुखत्यारपत्र तिकडून, आणि अनिवासी मालक असल्याने तो १ टक्क्याचा नियम लागू नाही, कर त्याहून बराच जास्त कापावा लागतो. हे घेणाऱ्याला टोकनच्या आधी सांगितलं नाही तर व्यवहार शेवटच्या आठवड्यात फिसकटतो. माझा एकदा फिसकटला आहे. चूक माझी होती, मी विचारायला विसरले होते.

पण ज्यासाठी हे काम करते ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेचं घर विकलं. हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठे, फोटो, दोन साक्षीदार, सगळं दुपारी दोनपर्यंत उरकलं. संध्याकाळी किल्ली द्यायला आम्ही घरी गेलो. घर रिकामं, फक्त ओट्यावर एक स्टीलचा डबा. बाईंनी घेणाऱ्या मुलीला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "गिझरचं बटण दोनदा दाबावं लागतं. पाणी सव्वासहाला येतं, पिंप आधीच धुऊन ठेव. या खिडकीत तुळस जगते, त्या खिडकीत नाही, मी तीनदा लावून पाहिली." मग डबा उघडला. त्यात गूळ-खोबरं होतं. आम्ही पाच माणसांनी उभ्यानेच खाल्लं. त्या मुलीने पुढे माझ्याकडे तिची बहीण पाठवली, मग ऑफिसातली मैत्रीण. पाच वर्षं एकाच भागात टिकलं की कामं अशी चालत येतात, आणि जाहिरातीवरचा खर्च जवळजवळ संपतो. चॅनेल पार्टनरकडे हे कमी होतं, कारण ग्राहकाला प्रकल्प लक्षात राहतो, आपण नाही.

संध्याकाळचं काय

राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात सप्टेंबर ते डिसेंबर २०२० तीन टक्के आणि मग मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के सूट दिली होती. तेव्हा मी तिन्ही कामं एकदम करत होते. तो मार्च माझ्या कमाईचा सगळ्यात मोठा महिना. मुलीची शाळा ऑनलाइन होती, मी सकाळी नऊला बाहेर आणि रात्री दहाला घरी. एप्रिलमध्ये बाईंचा फोन आला: तीन आठवडे तिचा कॅमेरा बंद आहे, विचारलं तर बोलत नाही. मला पत्ताच नव्हता. खात्यात पैसे होते आणि पोरगी दार लावून बसलेली होती.

त्यानंतर मी नवे प्रकल्प जवळपास सोडले. ओळखीतल्या कोणाला हवाच असेल तर वर्षाला तीन-चार, तेही माझ्या रविवारवर डोळा न ठेवणाऱ्या बिल्डरकडे. उत्पन्न पहिल्या वर्षी बरंच खाली आलं, दुसऱ्या वर्षी रीसेलने बरीचशी तूट भरून काढली. साडेआठला फोन देवघराच्या खणात जातो. भाडेकरूंना मी पहिल्याच दिवशी सांगते, आणि प्लंबरचा नंबर लिहून देते. आजवर कोणी रागावलं नाही.

दोन वाटा सांगायच्या राहिल्या. बिल्डरच्या सेल्स टीममधली नोकरी: पगार ठरलेला, पण रविवार चॅनेल पार्टनरसारखाच जातो आणि टार्गेट डोक्यावर. वर्ष-दोन वर्षं शिकण्यासाठी ठीक. आणि गुंठ्यांचे प्लॉट: सातबारा, फेरफार, एनए म्हणजे बिगरशेती परवानगी, रस्ता हे वाचता येत नसेल तर त्या वाटेला जाऊच नका. तिथे चूक झाली की गिऱ्हाईकाची आयुष्यभराची कमाई अडकते, आणि ते गिऱ्हाईक बहुधा आपलं नातेवाईकच असतं.

मग कोणी काय घ्यावं? मुलं शाळेत आणि पुन्हा कामाला सुरुवात करायची असेल तर भाडं, घराजवळ, ठरलेल्या वेळेत. एकटे, तरुण, भूक मोठी, तर नवे प्रकल्प, पण वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवूनच. कागदांची आवड आणि धीर असेल तर रीसेल, सोबत भाड्याची कामं, म्हणजे दर महिन्याला काहीतरी येत राहतं. मला विचाराल तर ही शेवटची जोडी सगळ्यात बरी. पैसा हळू वाढतो, पण संध्याकाळ आपली राहते आणि रस्त्याने जाताना लोक हाक मारतात.

भाच्याला मी रीसेल सुचवलं. कर्जाची फाइल त्याला झोपेतही वाचता येते, आणि अर्धे व्यवहार तिथेच अडतात. नोकरी अजून सोडू नकोस, म्हटलं, घरी बायकोशी बोल, दहा महिन्यांचा खर्च साठव. पितृपक्षात माझ्याकडे काम थंड असतं. ते दोन शनिवार तो येऊन बसणार आहे. कपाटात जुन्या करारनाम्यांची एक पेटी आहे, तीच आधी त्याच्यासमोर ठेवणार आहे.