‘आई कुठे काय करते’: अरुंधतीत दिसलेली मी

‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवर बेतलेली ‘आई कुठे काय करते’ ही मालिका डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ या काळात स्टार प्रवाहवर चालली. आमच्या फोंड्याच्या घरात बोलणे कोंकणीतून चालते, वाचन आणि भजन मराठीतून. त्यामुळे मालिकेतल्या देशमुख कुटुंबाच्या ‘समृद्धी’ बंगल्यातली भाषा आम्हांला कधी परकी वाटली नाही. आता जिओहॉटस्टारवर जुने भाग पुन्हा पाहताना मात्र कथानकापेक्षा त्या घराची सून आणि मालिकेची नायिका अरुंधती हिच्याकडेच माझे लक्ष अधिक जाते.

मधुराणी प्रभुलकर यांनी ही भूमिका साकारताना सुरुवातीच्या भागांत फार मोठे हावभाव वापरलेले नाहीत. बाहेरच्या खोलीत घरातल्या एखाद्या निर्णयाची चर्चा चाललेली असते, अरुंधती ओट्याशी उभी राहून सगळे ऐकत असते आणि तिचे मत कोणी विचारीलच असे तिने गृहीत धरलेले नसते. ते उभे राहणे मी ओळखते. चतुर्थीच्या दिवसांत माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या छताला, काय बांधायचे, पाहुणे किती, नेवऱ्या (करंज्या) कधी तळायच्या हे सर्व माझ्या हातांनी ठरते. परंतु जमिनीचा किंवा मुलाच्या शिक्षणाचा विषय निघाला की माझे हात अधिक वेगाने चालू लागतात आणि तोंड मिटते. पडद्यावर हे पाहिल्यावर मला आधी राग आला आणि मग फार बरे वाटले, कारण आपल्या या सवयीकडे कोणीतरी इतक्या बारकाईने पाहिले होते.

दुसरा धागा गाण्याचा. लग्नानंतर मागे पडलेले अरुंधतीचे गाणे पुढे आशुतोष केळकर या तिच्या जुन्या मित्रामुळे पुन्हा उभे राहते. गोव्यातल्या आम्हां बायकांना असा आशुतोष लागतोच असे नाही; गावोगावी महिलांची भजनी मंडळे आहेत, कला अकादमीच्या भजन स्पर्धेतही महिला पथके उतरतात. आमच्या मंडळात पहिला अभंग उचलताना माझ्या अंगात जो ताठपणा येतो, तो मला अरुंधतीच्या गाण्याच्या प्रसंगांत दिसला. स्वयंपाकघरातली आणि गाणारी अरुंधती एकच आहे, हे लेखकांनी विसरू दिले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तरीही अख्खी अरुंधती मला माझी वाटत नाही. घटस्फोटानंतरही अनिरुद्धच्या, म्हणजे आधीच्या नवऱ्याच्या, घरातल्या प्रत्येक अडचणीला तिने धावून जावे, हे मला पटत नाही, आणि मालिका जसजशी लांबत गेली तसतसा तिचा समंजसपणा माणसाचा न राहता आदर्शाचा होत गेला. शेवटच्या काळातले आघात तर इतके जवळजवळ येतात की एकाचेही दुःख मनात मुरायला वेळ मिळत नाही. किशोर महाबोले यांचे अप्पा हे या पडझडीतही शाबूत राहिलेले पात्र. सुनेची बाजू ओळखणारा असा सासरा आणखी मालिकांत दिसायला हवा.

पाहायची असल्यास घटस्फोटापर्यंतचे भाग सलग आणि सावकाश पाहावेत; त्यापुढे गाण्याचे प्रसंग निवडून पाहिले तरी चालेल. मात्र जिच्यामुळे अरुंधतीचा संसार मोडतो, त्या संजनाकडे दुर्लक्ष करू नये. पणजीला नोकरी करणाऱ्या माझ्या जाऊबाईंना या मालिकेत अरुंधती नव्हे, तर रुपाली भोसले यांची संजनाच स्वतःच्या जवळची वाटली, आणि त्यांचे म्हणणे ऐकल्यावर मीही तो भाग वेगळ्या नजरेने पाहिला. अनिरुद्धशी लग्न करून ती त्याच घरात येते, तेव्हा कमावत्या संजनाकडूनही अरुंधतीसारखेच घर सांभाळण्याची अपेक्षा केली जाते. तिच्या हातून झालेला अन्याय त्याने पुसला जात नाही, पण कचेरीतून थकून आलेल्या बाईकडे त्या घराने ज्या नजरेने पाहिले, ती नजर आमच्या जाऊबाईंच्याही ओळखीची आहे.