आठ महिने हवेच्या गादीवर: गादी पास, कव्हर नापास

रविवारी अंघोळीआधी पाठीमागे आरसा धरला तर डाव्या बैठकीच्या हाडावर रुपयाएवढा लाल चट्टा. बोटाने दाबला, पांढरा पडेना. आपल्यातल्यांना, व्हीलचेअरवाल्यांना, पुढचं सांगायला नको: ही दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात. माझी मज्जारज्जूची इजा डी-१० ची, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी, खाली टोचलेलं, भाजलेलं काही कळत नाही, त्यामुळे आरसा हीच माझी संवेदना. तीन दिवस पालथी पडून, कोपरांवर टेकून हे लिहितेय.

व्हीलचेअरवरची माझी गादी हवेची, रबरी फुग्यांची, फुगे आतून एकमेकांना जोडलेले, चार इंची. ३१,००० मोजले. आधीची फोमची पंधराशेची होती आणि दोन वर्षांत पापड झाली होती.

पहिल्या महिन्यात मी हिला शिव्याच घातल्या. दादाने सायकलच्या ट्यूबसारखी टणक भरली आणि मी त्यावर टेंगळावर बसल्यासारखी डुगडुगत होते. फिजिओ मॅडम आल्या, मला बसवलं, तळहात वर करून माझ्या हाडाखाली सरकवला आणि हवा सोडत गेल्या. हाड आणि तळ यांच्यात दीड ते अडीच सेंटिमीटर राहिलं तेव्हा थांबल्या. टणक गादीत सगळं वजन दोन हाडांवर येतं. नीट भरली की माणूस आत बुडतो आणि मांड्याही भार उचलतात. त्याच संध्याकाळी माझं मत फिरलं. पुढचे चार महिने कातडी स्वच्छ.

मांजराच्या नखाने एक फुगा गेला, तोही बादलीत बुडवून बुडबुडे शोधून सोबतच्या ठिगळाने दादाने चिकटवला. एकदा कराडहून महाबळेश्वरला गेलो, साडेतेराशे मीटरवर हवा फुगली, थोडी सोडली. उतरल्यावर हवा कमी पडली, तेव्हा पंप घरीच राहिल्याचं कळलं आणि शेवटचा तास मी जवळजवळ फळीवर काढला. चूक माझी.

आता कव्हर. पाचव्या महिन्यात चेन तुटली. चेन! ३१,०००च्या वस्तूला दप्तराच्या दर्जाची चेन. फोन केला तर, "मॅडम, वॉरंटी गादीची आहे, कव्हरची नाही." नवं कव्हर ३,४००, वर कुरिअर, तीन आठवडे. मी म्हटलं, अहो, नुसती चेन द्या. "चेन वेगळी येत नाही." चार फोन, दोन मेल, शेवटी पलीकडची बाईच मला म्हणाली, "मॅडम, टेलरकडून शिवून घ्या की." ३,४०० रुपयांत आमच्या घरात दोन महिन्यांचं वाणसामान येतं. मी घेतलं मनावर. शेजारच्या काकूंनी रेक्झीनचं कव्हर शिवलं, मापात, घट्ट, सुरेख. १८० रुपये. वर लघवी सांडली तरी पुसलं की झालं. महिनाभर मी ते येईल त्याला दाखवत होते.

आणि मग चट्टा. मला वाटलं हवा गेली. गादी पंपाने भरली, परत हात घातला, हवा जास्तच. काल दादाने कव्हर काढून मला नुसत्या गादीवर दोन मिनिटं टेकवलं आणि हात घातला तेव्हा कळलं. गादीवर चढवल्यावर काकूंचं कव्हर ढोलकीच्या पुडीसारखं ताणलं जातं, फुगे मला आत घेतच नाहीत, मी वरच्या कापडावर झुलत होते. कंपनीचं ताणणारं कापड सैल का असतं ते ८ महिन्यांनी उमगलं. शिवाय रेक्झीनखाली घाम जातो कुठे?

म्हणजे गादीचा दोष नाही. पण चेनचा आहेच, आणि तो मी सोडणार नाही.

एक मात्र सांगते, कारण दुकानात "आता हलायची गरज नाही" असं ऐकलंय. खोटं आहे. दर अर्ध्या तासाला मोबाइल वाजतो, मी छाती मांड्यांवर टाकून पूर्ण दोन मिनिटं पुढे वाकते. हातांवर दहा सेकंद उचलून काही होत नाही, दबलेल्या कातडीत रक्त नीट परतायला दोनेक मिनिटं लागतातच, आणि खांदे फुकट जातात.

आज कव्हर मागवलं, ३,४०० अधिक कुरिअर. पैसे भरताना हात थरथरला. आईने काकूंचं रेक्झीन धुऊन मिक्सरवर घातलंय. थोडं मोठं होतं, चेन मात्र छान चालते.