दिवाळीतले हळदीचे आणि तेलाचे डाग: साबण, ऊन, ब्लीच की ड्रायक्लीनिंग?

सांगलीत हळदीचा डाग सणापुरता येत नाही, तो बारमाही असतो. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली हळद इथल्या मार्केट यार्डातली, आणि घरोघरी बशीभर भडंग खाल्लं की पिवळी तेलकट बोटं सोफ्याला पुसली जाणारच. दिवाळीत फक्त सगळं एकदम येतं. अभ्यंगस्नानाचं तेल आणि उटणं टॉवेलला, फराळाचं तेल ड्रेसला, ओवाळताना कुंकू आणि निरांजनातलं तूप नव्या साडीला, पणतीचं तेल फरशीला. मग बाजारातून नेमकं काय आणायचं, घरातल्या कशावर भागवायचं आणि कुठे हात न लावता कपडा सरळ दुकानात द्यायचा, हा प्रश्न उरतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. हे बहुतेक डाग दुहेरी असतात, वर तेल आणि आत रंग. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून तेल निघाल्याशिवाय पिवळा रंग सुटत नाही आणि नुसत्या पाण्याने चोळत बसलं तर डाग पसरतो. तेल आधी, रंग नंतर. हा क्रम उलटला की पुढचे सगळे उपाय निम्मेच लागू पडतात.

तेलासाठी: भांड्याचं लिक्विड की कपड्याचा साबण?

यात लिक्विड सरळ पुढे आहे. डाग ओला असेल तर त्यावर टाल्कम पावडर भुरभुरून अर्धा तास ठेवा आणि झटका. मग कोरड्याच कपड्यावर लिक्विडचे तीन-चार थेंब घालून बोटाने हलकेच फिरवा, 15 मिनिटं थांबा, नंतर कोमट पाण्याने धुवा. कपडा आधी भिजवू नका, कारण धाग्यात पाणी भरलं की लिक्विड तेलापर्यंत नीट पोचत नाही. पांढऱ्या कपड्याला रंगीत लिक्विड नको, बिनरंगी घ्या.

कपड्याच्या वडीची अडचण पाण्यात आहे. नळाला कृष्णेचं पाणी येतं तिथे ठीक, पण बोअरच्या जड पाण्यात वडी फेसाळत नाही. पाण्यातल्या कॅल्शियमशी तिची साय होते आणि ती कपड्यावर करडी बसते. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी वडीपेक्षा लिक्विड किंवा डिटर्जंट पावडरच वापरावी.

पिवळ्या रंगासाठी: ऊन, ऑक्सिजन ब्लीच, क्लोरीन ब्लीच

इथे बहुतेकांची फसगत होते ती साबण लावल्या क्षणी. टॉवेलवरचा उटण्याचा फिकट पिवळा डाग बघता बघता विटकरी लाल होतो आणि वाटतं, कपडा वाया गेला. तसं काही नसतं. साबण अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा असतो आणि कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तीच ही क्रिया. कपडा खळखळून धुतला की रंग पुन्हा पिवळा होतो. लिंबू चोळल्यावर लाली झटकन जाते म्हणून अनेकांना लिंबाने डाग गेल्यासारखा वाटतो, पण फक्त लाल जाऊन पिवळा आलेला असतो.

ऊन हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि हळदीवर तोच सगळ्यात खात्रीचा. उजेडात कर्क्युमिन मोडतं. तेल काढून धुतलेला कपडा ओलाच, डागाची बाजू वर करून, सकाळी 11 ते 3 या वेळात टाका. वाळला तर पाणी शिंपडा. पांढऱ्या सुती कपड्याचा ताजा डाग एका दुपारीत बराच उतरतो, जुन्याला दोन-तीन दिवस लागतात. तोटा एकच: गडद रंगाचा कपडाही सोबत विटतो. त्यामुळे रंगीत कपडा तासाभराने उचलून बघत राहा. मिक्सरचं भांडं आणि पिवळे पडलेले प्लास्टिकचे डबे यांना तर उन्हाइतकं सोपं दुसरं काही नाही.

ऑक्सिजन ब्लीच म्हणजे व्हॅनिशसारखी पावडर. लेबलवर सोडियम परकार्बोनेट लिहिलंय का ते बघून घ्या. रंगीत सुती आणि पॉलिस्टर कपड्यांसाठी आमची पहिली पसंती हीच, पण आधी आतल्या शिवणीवर 10 मिनिटं लावून रंग सुटत नाही ना, ते पाहा. 1 लिटर पाण्याला 1 मोठा चमचा, पाणी हाताला सोसेल इतकं गरम, आणि एक ते चार तास भिजवण. गार पाण्यात ती फार सुस्त असते, म्हणूनच ‘पैसे फुकट गेले’ अशी तक्रार येते. द्रावण दर वेळी ताजं करा आणि झाकण लावलेल्या बाटलीत कधीच भरू नका, त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. चहाच्या डागावरही ही पावडर उत्तम. बासुंदी किंवा दूध सांडलं असेल तर मात्र आधी गार पाण्याने धुवून मगच गरम पाण्याकडे वळा, कारण उष्णतेने दुधातली प्रथिनं धाग्याला धरून बसतात.

क्लोरीन ब्लीच, म्हणजे रिन आला किंवा तत्सम द्रव, वेगात सगळ्यांना मागे टाकतं आणि धोक्यातही. पांढरा सुती टॉवेल, चादर, बनियन एवढ्यापुरतंच ठेवा. गार पाणी, लेबलवरचं प्रमाण, 10 मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुणं. रेशीम आणि लोकर यात अक्षरशः विरघळते, लायक्रा पिवळी पडते. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पांढरा कपडा उलट तांबूस होतो. आणि हे नीट लक्षात ठेवा: क्लोरीन ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा उपाय मोबाइलवर फार फिरतो. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. दोघं एकमेकांना निकामी करतात आणि उरतं जवळजवळ खारट पाणी. त्यात वेळ घालवू नका.

रेशमी साडी

पैठणी किंवा काठाच्या सिल्कवर वरचं एकही ब्लीच चालत नाही, ऊनही नाही. ओवाळताना कोरडं कुंकू पडलं तर बोट लावू नका, पाणी तर नाहीच. साडी उभी धरून झटका, उरलेलं मऊ ब्रशने उडवा. तूप किंवा तेल असेल तर टिशूने टिपा, टाल्कम टाका आणि दोन-तीन दिवसांत ड्रायक्लीनिंगला द्या. देताना ‘हा तुपाचा, हा हळदीचा’ असं डाग दाखवून सांगा, कारण तूप ड्रायक्लीनिंगच्या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवात, सहज जातं, हळदीला वेगळं हाताळावं लागतं. हळदीचा पिवळेपणा पूर्ण जाईलच असं नाही, पण घरी चोळून रेशमाची चमक गेली तर ती कुणालाच परत आणता येत नाही.

पणतीखालची फरशी

ग्लेझ्ड टाइल असेल तर लिक्विड आणि गरम पाणी पुरे. जुन्या घरांतली शहाबादी तेल पिते, वरून पुसून ते निघत नाही. खायचा सोडा आणि लिक्विडचे थोडे थेंब पाण्यात कालवून दाट लेप करा, बोटाएवढा जाड थापा, वर प्लास्टिक टाकून 24 तास ठेवा. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या, वाळतानाच तो तेल वर ओढतो. गरज पडली तर पुन्हा करा. ॲसिड मात्र नको. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खातं आणि तिथे कायमचा पांढुरका खरबरीत चट्टा राहतो.

मेणबत्तीचं मेण कपड्यावर पडलं तर बर्फाने कडक करून चमच्याने उचला, उरलेल्यावर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

मेण सोडलं तर डाग असलेल्या कपड्याला इस्त्री लावूच नका. ओल्या कपड्यावर तेल दिसत नाही. कपडा वाळला की खिडकीच्या उजेडाला धरून बघा, गडद ठिपका दिसला तर तो कोरडाच पुन्हा लिक्विडला द्या.