बॅग शिवायला जुना फ्लेक्स घ्यावा की जुनी ट्यूब?

टाकाऊ मटेरियलमधून बॅग, पाऊच वगैरे करायचं ठरलं की बहुतेकांची गाडी शेवटी या दोनवर येऊन अडते, बॅनरचा फ्लेक्स नाहीतर टायरमधली बाद झालेली ट्यूब. दोन्हींवर बरंच काम केलंय म्हणून लिहितोय, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

फ्लेक्सची खरी मजा रंगात आहे. कुठल्यातरी भल्यामोठ्या अक्षराचा कोपरा, निळ्यात मधेच घुसलेला पिवळा पट्टा, असं डिझाइन ठरवून सुचत नाही. शिवाय सपाट, मोठा तुकडा मिळतो, आखा आणि कापा. ट्यूबचं तसं नाही, ती उभी चिरायची, आतली पावडर साबणाने घासून काढायची, वास जायला वेळ द्यायचा, आणि रुंदी ती देईल तेवढीच, सायकलची असेल तर पट्टे जोडत बसा.

तरी माझं मत फिरलं ते बॅग सुलट करताना. उलट्या बाजूने शिवून झाली की ती बाहेर काढावीच लागते ना, तिथे फ्लेक्स ताठ राहतो, कोपरा काढायला चुरगळावा लागतो आणि जिथे मोडतो तिथे वरची शाई तडकून पांढरी रेघ उमटते. ती जात नाही. इस्त्री मारायची सोय नाही, फ्लेक्सवर पीव्हीसी प्लास्टिकचा थर असतो आणि ते जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो श्वासात जाणं वाईटच. हेअर ड्रायरने कोमट केलं की रेघा कमी पडतात, पण पडतात. एवढा मन लावून निवडलेला रंग नेमका कोपऱ्यात पांढरा पडलेला बघवत नाही हो.

ट्यूब म्हणजे ब्यूटाइल रबर, मुरगळा, उलटवा, परत होती तशी. कडेचे धागे निघत नाहीत. शिवताना मात्र मशीनच्या पायाला, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या पट्टीला, चिकटते, टेफ्लॉनचा पाय लावा किंवा पातळ कागद ठेवून शिवा आणि मग तो फाडून काढा. टाका साडेतीन-चार मिलिमीटरचा ठेवा, बारीक टीप घातली तर भोकांच्या रांगेवरच फाटते. टाचण्यांऐवजी क्लिपा. कडक ऊन आणि तेल तिला सोसत नाही एवढं लक्षात असू द्या.

१९९३ मध्ये झुरिकच्या फ्रायटाग भावांनी, टाकाऊ मालाच्या बॅगांसाठी पुढे नावाजलेले स्विस डिझायनर ते, बॅग केली ती ट्रकच्या ताडपत्रीची, हे खरं, पण ती ताडपत्री बॅनरपेक्षा कितीतरी दणकट, आणि कडेला त्यांनीही सायकलची ट्यूबच लावली होती, पट्टा गाडीच्या सीटबेल्टचा.

तर उलटवायची गरजच नसलेलं काही, म्हणजे फाइलचं कव्हर किंवा सपाट पाऊच, असेल तर फ्लेक्स जरूर घ्या आणि कडा ट्यूबच्या पट्टीने बांधा. रोज खांद्याला अडकवायची बॅग असेल तर मी तरी ट्रकची ट्यूब शोधेन, रंग हवाच असेल तर फ्लेक्सचा एक तुकडा वरच्या खिशाला लावून टाकायचा, तिथे तो मोडत नाही.