ए.ए.ची मीटिंग : पत्त्यापासून शेवटच्या बसपर्यंत

दारू सोडायची म्हटली की आपल्याकडं तीन वाटा सांगतात. माळ घाला, केंद्रात भरती करा, नाहीतर औषध गुपचूप चहातून द्या. तिसरी तर करूच नका. त्या पुडीत डायसल्फिराम असेल आणि माणूस वरून प्याला, तर तोंड लालभडक होतं, उलट्या सुरू होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. चौथी वाट फुकटची आहे, म्हणूनच की काय, तिचं नाव कुणी काढत नाही : अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे ए.ए.ची मीटिंग.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून हे उभं राहिलं. डॉक्टर नाही, फी नाही, हजेरीपट नाही. पिणं थांबवायची इच्छा असली की झालं.

सगळ्यात कमी गुण द्यावेत ते पत्ता सापडण्याला. मुंबईच्या सेवा कार्यालयाच्या संकेतस्थळावरून सुरुवात करा, पण तिथल्या पत्त्यावर थेट जाऊन धडकू नका. शाळेचा वर्ग किंवा चर्चची खोली मागून घेतलेली असते. ती बदलते आणि यादी मागंच राहते. आधी फोन करा, तोही संध्याकाळी. उचलणारा स्वतः नोकरी-धंद्यातला माणूस असतो, दुपारी तीनला उचलेलच असं नाही. वार, वेळ, आणि मीटिंग ‘खुली’ की ‘बंद’, हे विचारून घ्या. खुलीला बायको किंवा भाऊ सोबत बसू शकतो, बंदला फक्त पिणारा. गटांची नावं आशा-पहाट अशा धाटणीची असतात आणि फलकावर दारूचा शब्द नसतो, त्यामुळं दारापर्यंत येऊन माघारी गेलेले लोक आहेत. फोन लागलाच नाही तर सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात विचारा. संभाजीनगरात घाटी, अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलि-मानसची हेल्पलाइन, दोन्ही फुकट.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्या आधीची. सकाळी उताऱ्याशिवाय, म्हणजे घोटभर घेतल्याशिवाय, ज्याचा हात स्थिर राहत नाही, त्यानं एकदम बंद करून खुर्चीत येऊन बसू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होतो, नसलेली माणसं दिसायला लागतात. गावात त्याला बाहेरची बाधा म्हणतात. ती बाधा नव्हे, दवाखान्याचं काम आहे. दाखल व्हा, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घ्या, मग मीटिंगला या.

आत काय होतं? तासा-दीड तासाचा मामला. क्षणभर शांतता, मग बारा पायऱ्यांचं, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या ए.ए.च्या टप्प्यांचं, वाचन, मग एकेक जण : ‘नमस्कार, मी अमुक, मी मद्यपी.’ आडनाव सांगायचं नाही, जमीन किती तेही नाही. एक बोलताना दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही आणि सल्लाही द्यायचा नाही. आपल्या पारावरच्या सवयीला हे फार जड जातं, पण सगळी ताकद याच नियमात आहे. मग पिशवी फिरते. दहा-वीस रुपये टाका, नाही टाकले तरी कुणी बघत नाही. बाहेरच्याची देणगी ए.ए. घेतच नाही, त्यामुळं कुठल्या पुढाऱ्याचा फोटोही भिंतीवर नसतो. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. पायऱ्यांमधला ‘ईश्वर’ शब्द खटकला तर अडून बसू नका. तो प्रत्येकानं आपापल्या समजुतीनं घ्यायचा असतो.

मीटिंगा सगळीकडं सारख्या नाहीत. कुठं एखादा जुना सदस्य पंचवीस मिनिटं सोडत नाही, कुठं चौघंच येतात. बायका फारच कमी, आणि एकटीला अवघडल्यासारखं होणारच. तिनं ऑनलाइन मीटिंग धरावी. तालुक्याच्या गावी ओळखीचं कुणी निघेल ही भीती खरी आहे, पण तोही त्याच खुर्चीत बसलेला असतो. एका मीटिंगवरून मत बनवू नका. निदान सहा करा, जमलं तर दोन वेगळ्या गटांत. घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे. नवऱ्याला ओढून आणण्यापेक्षा बायकोनं आधी तिथं जाणं आम्हाला जास्त उपयोगाचं वाटतं.

बीड-धारूरकडच्या ऊसतोड मजुरांची अडचण निराळी. नेमकी उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, हातात पडली की मोह सगळ्यात मोठा, आणि दिवाळीच्या आसपास टोळी कारखान्यावर गेली की पाच-सहा महिने गट तुटतो. निघण्याआधी एक प्रायोजक, म्हणजे बऱ्याच काळापासून न पिणारा जुना सदस्य, धरा आणि फोनची वेळ ठरवून ठेवा. कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, रेंज नसेल तर फडातून बांधावर येऊन फोन लावायचा, पण पहिल्या घोटाच्या आधी.

आणि परतीची बस. मीटिंग सातला सुरू होऊन साडेआठला सुटते. बऱ्याच खेड्यांची शेवटची एसटी त्याआधीच निघून जाते. मग स्टँडवर तासभर, समोर देशीचं दुकान. दुपारची किंवा रविवार सकाळची मीटिंग कुठं आहे ते पहिल्याच फोनवर विचारा. नसेल तर आठ वाजताच उठून निघा, तिथं कुणी रागावत नाही.