तांब्याच्या तारेची लायटिंगची माळ : अकरा महिने वापरल्यावर

आमचं घर डोंबिवलीत, भाड्याचं. मालकांची एकच अट, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीआधी मुंबईत लोहार चाळीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलो तेव्हा जाड हिरव्या वायरच्या माळा सोडून तांब्याच्या बारीक तारेच्या दोन माळा घेतल्या. प्रत्येकी १० मीटर, १०० दिवे, यूएसबीवर चालणाऱ्या.

ही तार वळवाल तशी राहते, हीच तिची खरी मजा. बाल्कनीच्या ग्रिलला दोन वेढे दिले की झालं, ना दोरा ना चिकटपट्टी. दिवा म्हणजे तारेवर गोठलेला डिंकाचा थेंब वाटतो. दिवसा तर माळ आहे हे कळतही नाही. म्हणूनच तुळशीचं लग्न उरकलं तरी ती उतरवली नाही, आणि मग राहिलीच. संध्याकाळी ट्यूबलाइट न लावता तिच्या पिवळसर उजेडात चहा घ्यायची आता सवय झाली आहे.

विजेचं म्हणाल तर जुन्या मोबाइलच्या १ अँपिअरच्या चार्जरवर चालते, म्हणजे फार तर ५ वॅट. रोज पाच तास धरले तरी महिन्याला पाऊण युनिट.

आता वैताग. बटणावर आठ प्रकार आहेत, त्यातले सात लुकलुकणारे. वीज जाऊन आली की स्वारी पुन्हा पहिल्या प्रकारावर, म्हणजे लुकलुक सुरू. सासूबाई राहायला आल्या होत्या तेव्हा एका संध्याकाळी वीज तीनदा गेली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "अगं, बंद कर ते, रिक्षात बसल्यासारखं वाटतंय." दर वेळी स्टुलावर चढून बटण दाबायचं मला तरी जमत नाही. घेताना दुकानात प्लग काढून परत लावून बघा, निवडलेला प्रकार टिकतो का ते.

मार्चमध्ये ओला टॉवेल ओढताना एका माळेची तार तुटली. जुन्या माळांत एक बल्ब गेला की अख्खी सर अंधारात जायची. इथे तुटल्या जागेपुढचे तीसेक दिवे विझले, बाकीचे चालू. चार्जर काढून जोडायला बसले. तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो, तो पॉलिश पेपरने घासल्याशिवाय जोड लागत नाही. घासून पिळ दिला तरी दिवे गप्पच. दोन तारांची अदलाबदल झाली होती. उलटं जोडल्यावर लागले. वरून टेप मारली. दिसते गबाळी, पण टिकली आहे.

पावसाळ्यात तारेला काही झालं नाही, पण दुसऱ्या माळेच्या बटणाच्या डबीत पाणी शिरलं आणि ती माळ कायमची गेली. खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी ते तारेपुरतंच समजा. डबी आणि चार्जर घरातच ठेवा. चूक माझीही आहे, डबी ग्रिलवरच लटकत ठेवली होती.

उरली ती एक, जोड मारलेली. यंदा गणपतीच्या मखरात तीच लावली, कागदी फुलांच्या मागून फिरवून. मखर सोडताना मात्र घाई केली आणि असा गुंता झाला की सोडवायला पाऊण तास गेला. आता पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवली आहे. आकाशकंदिलासाठी नवीन एक आणायची आहे, या खेपेला रिमोटवाली.